शास्त्राधार आणि गुलामगिरी : ‘विपर्यासा’च्या बचावाचा प्रतिवाद

१

एखाद्या धर्मग्रंथाचा आणि एखाद्या क्रूर प्रथेचा संबंध इतिहासाने सिद्ध केला, की ग्रंथाच्या वतीने एक ठरीव बचाव पुढे येतो. ग्रंथ निर्मळ होता, स्वार्थी माणसांनी त्याचा विपर्यास केला, असा तो बचाव. तो मोठा सुटसुटीत आहे. त्यात ग्रंथही वाचतो, श्रद्धाही वाचते आणि दोष ठेवण्यासाठी केव्हाच मरून गेलेले, उलट उत्तर न देणारे गुन्हेगार हाती लागतात. ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर सुमारे चार शतके चाललेली आफ्रिकी माणसांची गुलामगिरी यांचा विषय निघाला, की हा बचाव प्रवचनांत ऐकू येतो, इतिहासग्रंथांच्या प्रस्तावनांत आढळतो आणि साहित्याच्या वर्गांतही बिनदिक्कत शिकवला जातो.

अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही संस्था १८४५ मध्ये जन्मली ती गुलाम बाळगणाऱ्यास मिशनरी म्हणून नेमावे की नाही, या वादातून. गुलामगिरीतील आपल्या वाट्याबद्दल या संस्थेने १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी, ठराव करून क्षमा मागितली. त्या ठरावाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याचीही भाषा हीच होती : वंशवादामुळे ख्रिस्ती नीतीच्या आकलनाचा विपर्यास होतो. बिघाड आकलनात, ज्याचे आकलन करायचे ती संहिता मात्र चौकशीच्या बाहेर.

हा बचाव तीन कारणांनी टिकत नाही. एक तर संहितेत जे स्पष्टपणे लिहिलेले आहे त्याकडे तो पाठ फिरवतो. दुसरे, गुलामगिरीचे समर्थन करणारे सगळे भाष्यकार अडाणी किंवा लबाड होते, असे तो गृहीत धरतो, आणि हे गृहीत वस्तुस्थितीला धरून नाही. तिसरे आणि सर्वांत गंभीर कारण असे, की ज्यांच्या पाठीवर ही संहिता आसूडासह उमटली त्या गुलामांनी ती कशी वाचली, या प्रश्नालाच तो जागा ठेवत नाही. या बचावाच्या उलट टोकाला दुसरी एक सोपी भूमिका उभी असते : ग्रंथच विषारी, त्यापलीकडे बोलण्यासारखे काही नाही. तिचाही समाचार घेणे आवश्यक आहे. पण त्याआधी पाने उघडली पाहिजेत.

२

जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात दासांविषयीचे नियम आहेत. इब्री दासाने सहा वर्षे चाकरी करावी आणि सातव्या वर्षी मोकळे व्हावे. मात्र धन्याने त्याला बायको करून दिली असेल, तर ती आणि तिची मुले धन्याचीच राहतील. त्याच अध्यायात धन्याने काठीने मारलेल्या दासाचा विचार आहे. दास जागीच मेला तर धन्याला शासन आहे. तो एकदोन दिवस जगला तर नाही, कारण तो धन्याचे द्रव्य आहे. लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आणखी स्पष्ट आहे. स्वजातीय माणूस दारिद्र्याने विकला गेला तर त्याला मजुरासारखे वागवावे आणि योबेल वर्षी सोडावे; परंतु भोवतालच्या राष्ट्रांतून विकत घेतलेले दास कायमची मालमत्ता समजावेत आणि वारसा म्हणून मुलांना द्यावेत.

प्राचीन इस्राएलातील दास्य म्हणजे कर्जफेडीची एक सौम्य व्यवस्था होती, असे सांगणाऱ्यांनी लेवीय पुस्तकातील हा भेद नीट वाचावा. सौम्यता आहे ती स्वकीयांपुरती. परक्यासाठी जो नियम आहे त्यात खरेदी आहे, कायमचा ताबा आहे आणि वारसाही आहे. व्हर्जिनियातील मळेवाल्याला यापेक्षा अधिक काय हवे होते?

नव्या करारात मोशेचे नियमशास्त्र मागे पडते; परंतु रोमी साम्राज्यातील घरांना उद्देशून लिहिलेल्या पत्रांत दासांना उपदेश आहेच. इफिसकरांस आणि कलस्सैकरांस लिहिलेली पत्रे दासांना आज्ञाधारक राहण्यास सांगतात. तीमथ्य आणि तीत यांच्या नावाच्या पत्रांत तेच आहे. पेत्राचे पहिले पत्र तर कठोर धन्याच्याही अधीन राहण्याचा आणि अन्यायाने झालेला मार सोसण्याचा उपदेश करते. धन्यांनी न्यायाने वागावे, धमक्या देऊ नयेत, असेही सांगितले आहे. पण दासांना मुक्त करावे, असे त्यांना कोठेही सांगितलेले नाही.

याच ग्रंथात दुसरा स्वर आहे, आणि तोही तितकाच स्पष्ट आहे. माणूस चोरून नेऊन विकणाऱ्यास निर्गम देहदंड सांगते. अनुवाद हे पुस्तक पळून आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या स्वाधीन करू नये, असे बजावते. मिसर देशातून दासांची सुटका हीच जुन्या कराराची मध्यवर्ती घटना आहे. गलतीकरांस पत्रात पौल ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, असे म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात येशू यशयाचे वचन वाचून बंदिवानांच्या सुटकेची घोषणा करतो.

हे दोन स्वर केवळ वेगवेगळ्या पुस्तकांत विभागलेले आहेत, असेही नाही. कधी एकाच वाक्यात ते एकमेकांत अडकलेले असतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल दासाला म्हणतो, की तुला स्वतंत्र होता आले तरी त्याचाच उपयोग कर. मूळ ग्रीकमध्ये क्रियापदाला कर्म नाही. उपयोग कशाचा करायचा, स्वातंत्र्याचा की दास्याचा? चौथ्या शतकातील थोर प्रवचनकार ख्रिसोस्तम याने दुसरा अर्थ घेतला; इतर अनेकांनी पहिला. लाखो माणसांच्या आयुष्याशी निगडित असलेला प्रश्न एका अध्याहृत शब्दावर लोंबकळत राहिला. फिलेमोनाला लिहिलेले पंचवीस ओव्यांचे पत्रही असेच आहे. पौल अनेसिमाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतो आणि त्याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, असे धन्याला सांगतो. त्याला मोकळे कर, ही स्पष्ट आज्ञा तो लिहीत नाही. परत पाठवणे खरे मानायचे की बंधू म्हणणे, हे ठरवण्यास पत्र कोणतीही निर्णायक मदत करत नाही.

भाषांतरांनी हा पेच आणखी झाकून टाकला. १६११ च्या इंग्रजी अधिकृत भाषांतरात हिब्रू आणि ग्रीक मूळ शब्दांसाठी बहुतेक सर्वत्र ‘चाकर’ या अर्थाचा शब्द योजला गेला; ‘गुलाम’ या अर्थाचा रोखठोक शब्द त्या संपूर्ण ग्रंथात दोनच ठिकाणी येतो. मराठी बायबलात ‘दास’ आला. मराठी वाचकाच्या कानाला हा शब्द दास्यभक्तीचा, रामदासांचा, दासबोधाचा आहे. त्यामुळे दासांना केलेला आज्ञाधारकपणाचा उपदेश मराठीत एखाद्या आर्जवासारखा वाटतो. आपल्याकडच्या कागदपत्रांतील ‘बटीक’ आणि ‘कुणबीण’ हे शब्द, किंवा बोलण्यातला ‘गुलाम’, त्या जागी ठेवून पाहावा. उपदेशाचा पोत एकदम बदलतो आणि पाठीवरचा वळ दिसू लागतो.

३

ज्या परंपरेने हा ग्रंथ शतकानुशतके सांभाळला तिने त्यातील मुक्तीचा स्वर ऐकलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इ.स. ३८० च्या सुमारास न्यिसा येथील ग्रेगरी याने उपदेशक या पुस्तकावरील प्रवचनात दास विकत घेणाऱ्या धनिकाला थेट जाब विचारला : देवाच्या प्रतिमेची किंमत कोणत्या नाण्यात मोजली? परंतु हा आवाज एकाकी राहिला. पुढील काळावर छाप पडली ती ऑगस्टीनची. दास्य निसर्गतः नाही, ते पापाचे फळ आहे, असे त्याने मानले, आणि म्हणून अन्यायाचा अंत होईपर्यंत दासांनी मनापासून सेवा करावी, असा निष्कर्ष काढला. दास्याला अनैसर्गिक ठरवूनही ते तसेच ठेवण्याची ही युक्ती पुढे फार उपयोगी पडली.

१४५२ मध्ये पाचवा निकोलस या पोपने पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतर लोकांना जिंकून कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली. त्याच पोर्तुगीज सत्तेच्या गोव्यात १५८० च्या दशकात आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच लेखकाने १५९६ च्या आपल्या प्रवासवर्णनात तेथील गुलामांच्या उघड विक्रीचे वर्णन केले आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा आद्य मानदंड असलेले फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ चे, त्याच गोव्यातले. हा शेजार साहित्याच्या इतिहासात नोंदवला गेला पाहिजे. त्याने क्रिस्तपुराणाची थोरवी कमी होत नाही, पण थोर ग्रंथ कोणत्या रस्त्यावर उभे असतात ते कळते.

प्रोटेस्टंट जग याहून निराळे नव्हते. बाप्तिस्म्याने आत्मा मुक्त होतो, मग देह कसा बांधलेला राहील, ही शंका मळेवाल्यांना सतावत होती. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६७ मध्ये कायदाच केला, की बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टनचे उसाचे मळे १७१० मध्ये मृत्युपत्राने इंग्लंडच्या चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेकडे आले. तेथील गुलामांच्या छातीवर काही काळ ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जाई. १७४२ मध्ये तर लायडनच्या विद्यापीठात कापिटाइन या तरुणाने लॅटिन प्रबंध सादर केला : दास्य हे ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही. हा कापिटाइन स्वतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणला गेला होता.

या सर्वांचा कळस अमेरिकेतील वादात झाला. नोहाने हामाच्या संततीला दिलेला शाप काळ्या माणसांवर लादणे, हे खरोखरच वाईट वाचन होते. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप हामाला नाही, कनानाला आहे आणि वर्णाचा उल्लेखही नाही. विपर्यासाचा आरोप येथे शंभर टक्के लागू पडतो. म्हणूनच बचावकर्ते हे उदाहरण पुन्हा पुन्हा पुढे करतात. मात्र समर्थकांचा सगळा डोलारा या एका शापावर उभा नव्हता. व्हर्जिनियाचा बॅप्टिस्ट धर्मोपदेशक थॉर्न्टन स्ट्रिंगफेलो याने १८४१ मध्ये जी मांडणी केली तिचा आधार कुलपित्यांची दासदासी, लेवीय नियमशास्त्र, येशूचे या प्रथेविषयीचे मौन आणि प्रेषितांचे उपदेश हा होता. ही वचने त्याने बनवली नव्हती. उत्तरेकडील व्हरमाँटचा बिशप हॉपकिन्स याने १८६१ मध्ये तेच मांडले. अँडोव्हरचा मोझेस स्टुअर्ट हा तर त्या काळच्या अमेरिकेतील हिब्रूचा अग्रगण्य पंडित. त्यालाही १८५० मध्ये कबूल करावे लागले, की शास्त्र दास्याला सरसकट पाप म्हणत नाही.

उलट, मुक्तीच्या बाजूचे पंडित कधीकधी भाषाशास्त्राची ओढाताण करत. अनेसिम हा दास होता असे सिद्धच करता येत नाही, असा युक्तिवाद फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट बार्न्सने केला. हेतू उदात्त, वाचन दुबळे. हा प्रसंग अवघड आहे आणि विद्यार्थ्यांनी तो टाळू नये : न्यायाची बाजू घेणारा वाचक प्रत्येक वेळी संहितेचा अधिक अचूक वाचक असतो, असे नाही. १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बॅप्टिस्ट दुभंगले. एकच ग्रंथ हाती घेऊन दोन प्रदेश रणांगणात उतरले. दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात आणि त्याच देवाला आळवतात, याची जाणीव लिंकनने मार्च १८६५ च्या आपल्या भाषणात खिन्नपणे करून दिली. निकाल अखेर भाष्यांनी लागला नाही. तो युद्धाने आणि त्याच वर्षीच्या तेराव्या घटनादुरुस्तीने लागला.

४

एवढ्यावर थांबले तर दुसऱ्या टोकाची भूमिका खरी ठरल्यासारखी वाटेल : ग्रंथ मालकांचाच होता. पण मग एक साधा प्रश्न उरतो. ग्रंथ जर मालकांचाच होता, तर मालक त्याला एवढे का भीत होते?

१८०७ मध्ये, ज्या वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली त्याच वर्षी, लंडनमध्ये एक विलक्षण पुस्तक छापले गेले. वेस्ट इंडीजमधील निग्रो गुलामांच्या उपयोगासाठी निवडलेले पवित्र शास्त्राचे भाग, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. प्रोटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात. या निवडीत त्यांपैकी २३२ उरले. मिसरातून सुटकेची कथा गेली. स्तोत्रे गेली. दास आणि स्वतंत्र हा भेद नाकारणारे गलतीकरांस पत्रातील वचन गेले. प्रकटीकरण गेले. दासांनो, आज्ञाधारक राहा, हा उपदेश मात्र राहिला. ही निवड ज्या संस्थेसाठी छापली गेली तिचा प्रवर्तक बिशप पोर्टियस हा गुलामांच्या व्यापाराचा विरोधक होता. म्हणजे दयाळू माणसांनाही संपूर्ण ग्रंथ गुलामाच्या हाती देण्याचे धैर्य झाले नाही. उत्तर कॅरोलिनाने १८३० मध्ये गुलामांना वाचायला शिकवणे हाच गुन्हा ठरवला. कात्री अपुरी वाटली म्हणून अक्षरच काढून घेतले.

भीती निराधार नव्हती. १८२२ मध्ये चार्ल्सटन येथे बंडाच्या कटाबद्दल फाशी गेलेला डेन्मार्क व्हेसी मोशेची कथा वाचून दाखवत असे, अशी साक्ष खटल्यात झाली. १८३१ च्या नाताळात जमैकात गुलामांनी जो प्रचंड उठाव केला त्याचा नेता सॅम्युएल शार्प हा बॅप्टिस्ट मंडळीतला उपदेशक होता. मे १८३२ मध्ये त्याला फाशी दिले गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला.

मात्र गुलामांचे वाचन म्हणजे केवळ बंडाची स्फूर्ती, एवढाच अर्थ घेतला तर त्याचे बौद्धिक मोल हरवते. जॉर्जियातील चार्ल्स कोलकॉक जोन्स या धर्मोपदेशकाने, जो स्वतः गुलामांचा मालक होता, एक घटना नोंदवून ठेवली आहे. १८३० च्या दशकात गुलामांच्या मोठ्या सभेपुढे तो फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन करीत होता. पौलाच्या अधिकाराने त्याने पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. उरलेल्यांपैकी काहींनी सांगितले, की असे पत्र बायबलात नाहीच; काहींनी सांगितले, की हे शुभवर्तमान नव्हे. यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पत्र बायबलात आहे, एवढ्यापुरते जोन्सचे म्हणणे खरे होते. पण हे शुभवर्तमान नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी जो निर्णय दिला तो संहितेच्या अस्तित्वाविषयी नव्हता, तिच्या अधिकाराविषयी होता. अँडोव्हरच्या पंडिताला जे साधले नाही ते या श्रोत्यांनी केले : वचन आहे हे एक, आणि ते बंधनकारक आहे हे दुसरे, यांची त्यांनी फारकत केली.

फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मकथनात आपल्या धन्याचे चित्र रेखाटले आहे. हा धनी धर्मांतराच्या अनुभवानंतर अधिकच क्रूर झाला. एका पंगू तरुणीला फटके मारताना तो लूकच्या शुभवर्तमानातील, धन्याची इच्छा जाणूनही ती न पाळणाऱ्या दासाला पुष्कळ फटके बसतील, हे वचन म्हणत असे. वचन खरेच लूकमध्ये आहे, येशूच्याच तोंडी आहे. डग्लसने या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जो अपार भेद केला, तो वरवर पाहता विपर्यासाच्याच बचावासारखा वाटेल. फरक असा, की डग्लस कोणालाही वाचवत नव्हता. तो आरोपी उभे करीत होता, आणि कोणते वचन म्हणत फटका मारला गेला हे त्याने लपवले नाही.

विसाव्या शतकातील अमेरिकी धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन याने १९४९ च्या आपल्या ग्रंथात आजीची आठवण नोंदवली आहे. ती गुलामगिरीत जन्मली होती, तिला वाचता येत नव्हते. नातू तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे. प्रीतीवरचा एक अध्याय तेवढा अपवाद. कारण विचारल्यावर तिने सांगितले, की धन्याचा पाद्री नेहमी पौलाचे तेच वचन घेऊन प्रवचन करी, आणि आपण मोकळे झालो, वाचायला शिकलो तर बायबलाचा तो भाग वाचणार नाही, असे तिने मनाशी ठरवले होते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. १८०७ च्या संपादकांनी कात्री चालवली. या वृद्ध स्त्रीनेही चालवली. मग भेद कोणता? भेद असा, की संपादकांनी जे कापले ते वाचकापासून लपवण्यासाठी कापले. कापल्याची खूणही वाचकाला मिळू नये, यातच त्या निवडीचे यश होते. आजीने जे वगळले ते काय आहे, हे तिला पुरते ठाऊक होते. ते तिच्याच देहावर वाचले गेले होते. ते का वगळले, हे तिने नातवाला कारणासह सांगितले. पहिल्या कृतीत वाचकाचा निर्णय काढून घेतला जातो, दुसरीत वाचक निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी पत्करतो. सगळी वाचने सारखीच, ज्याला जे दिसेल ते खरे, असे म्हणणाऱ्या सैल सापेक्षतावादाला येथे जागा नाही.

५

हा सारा वाद परक्या देशाचा म्हणून मराठी वाचकाने दुरून पाहावा, असे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण केला. थॉमस पेनचे लेखन त्यांनी तरुणपणी वाचले होते. शास्त्रातील प्रत्येक गोष्ट केवळ ती शास्त्रात आहे म्हणून मानू नये, या निष्कर्षाला अमेरिकेत विल्यम लॉइड गॅरिसन हा मुक्तिवादी नेताही पेनच्याच वाचनाच्या वाटेने आला होता. ‘गुलामगिरी’त फुल्यांनी पुराणांतील अवतारकथांचा विपर्यास झाला, अशी तक्रार केली नाही. त्या कथा जशा सांगितल्या जातात तशा घेतल्या, आणि बळीच्या बाजूने उभे राहून त्यांचा जाब विचारला. शीर्षकासाठीही त्यांनी ‘दास्य’ हा भक्तीने मऊ झालेला शब्द घेतला नाही.

१९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या उच्छेदावरील, लाहोरसाठी लिहिलेले पण तेथे होऊ न शकलेले भाषण प्रसिद्ध केले, तेव्हा महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून दिलेले उत्तर मूलतः विपर्यासाच्या बचावाचेच होते : धर्माची पारख त्याच्या उत्तम नमुन्यांवरून करावी, आणि खरे शास्त्र ते, जे विवेकाला पटते. शास्त्रे काय म्हणतात यापेक्षा लोकांनी ती कशी समजून घेतली आहेत हे महत्त्वाचे, आणि अस्सल वचन कोणते, प्रक्षिप्त कोणते हा भेद सामान्य माणूस करत नाही, असे आंबेडकरांनी बजावले. शब्दच्छल करून उपयोग नाही. शास्त्रांचा अधिकारच नाकारला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. जॉर्जियातील प्रवचनातून उठून गेलेल्या श्रोत्यांशी या निष्कर्षाचे नाते जवळचे आहे.

म्हणून ख्रिस्ती शास्त्राच्या या इतिहासाचा उपयोग परधर्माला झोडपण्याची काठी म्हणून कोणी करू लागला, तर त्याने प्रथम मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढावा. तेथे दासांचे सात प्रकार सांगितलेले आहेत. पेशवाईच्या दप्तरांतील कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी वाचाव्यात. आणि मूळ शास्त्रात असे नव्हतेच, हे वाक्य ओठावर आले, तर ते स्ट्रिंगफेलोच्या विरोधकांनी किती वेळा म्हटले होते आणि त्याने किती बेड्या तुटल्या होत्या, याचा हिशेब करावा.

साहित्याच्या अभ्यासकाचे कर्तव्य यातून स्पष्ट होते. संहितेत जे आहे ते आधी पूर्णपणे सांगावे. अप्रिय वचन भाषांतराच्या मऊ शब्दाखाली दडवू नये. मग त्या वचनाचा न्याय करावा आणि तो न्याय आपला आहे, ग्रंथाचा नाही, हे मान्य करावे. ग्रंथाला निर्दोष ठरवण्याची वकिली हे समीक्षेचे काम नव्हे. १८०७ च्या त्या कापलेल्या शास्त्राच्या मोजक्याच प्रती आज शिल्लक आहेत. एखाद्या ग्रंथालयाला तिची छायाप्रत मिळाली, तर ती संपूर्ण बायबलाच्या शेजारी, त्याच फळीवर ठेवावी, आणि विद्यार्थ्याला दोन्ही एकाच वेळी उघडायला सांगावे. गाळलेल्या ९५७ अध्यायांत मालकांना भिववणारे काय होते, ते त्याला दिसेल. पण त्याने तेवढ्यावर थांबू नये. उरलेल्या २३२ अध्यायांतील आज्ञाधारकपणाचा उपदेश संपूर्ण ग्रंथातही जसाच्या तसा आहे, हेही त्याने बोट ठेवून वाचावे.